मे महिन्यात अकोल्याला चालेल असा पाइप

‘ताई, पाइप वाकला,’ प्राजक्ता फोनवर म्हणाली.

‘फुटला का?’

‘नाही, वाकला. कनेक्टरपाशी. थेंब थेंब पाणी गळून राहिलं. मी मेन स्विच बंद केला.’

‘पाणी पडलं कुठं?’

‘खाली जाळीवर. कार्डांवर नाही पडलं. म्हणजे, मले दिसत तरी नाही.’

सोमवारची दुपार होती, मे महिना. मी अमरावतीला माझ्या दुकानात एसी लावून बसले होते आणि प्राजक्ता अकोल्याला तिच्या घरी होती. गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिला पुण्याच्या कंपनीकडे एक फिल्म पाठवायची होती. ती फिल्म ज्या कॉम्प्युटरवर तयार होत होती, तो मी तीन आठवड्यांपूर्वी बांधून दिला होता. पाइप मी निवडला होता, मीच कापला होता, मीच वाकवला होता. ‘कशालाच हात लावू नको, मी निघाले,’ असं सांगून फोन ठेवला आणि हत्यारांचा डबा गाडीत टाकला.

आधी माझा धंदा सांगते. मी कॉम्प्युटर बांधते. म्हणजे गिऱ्हाइकाचं काम काय ते विचारून, एकेक भाग आणून, जुळवून देते. सव्वीस वर्षं झाली. अजूनही दुकानात आलेला नवा माणूस इकडंतिकडं पाहून ‘सर कुठं आहेत?’ असं विचारतो. मी म्हणते, ‘सर जेवायला गेले, तोवर मी पाहते.’ काम झाल्यावर सरांची आठवण कोणालाच येत नाही.

काही कॉम्प्युटर इतके राबतात की साध्या पंख्यांनी थंड राहत नाहीत. त्यांना पाण्यावर थंड करावं लागतं. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं आणि मोटारीचं पाण्यावर, तसाच हा प्रकार. तापणाऱ्या चिपवर धातूचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथं पंख्यानं ते थंड करायचं आणि पंपानं परत फिरवायचं. हे सगळं जोडतो तो पाइप. सगळ्यांत स्वस्त भाग तोच. आणि वाकला तर सगळ्यांत महाग भागांवर पाणी सोडणाराही तोच.

प्राजक्ता थ्रीडीचं काम करते. बिल्डरची इमारत अजून कागदावर असते आणि ही मुलगी आपल्याला त्या इमारतीत फिरवून आणते. जिना, बाल्कनी, खिडकीतून येणारं ऊन, सगळं. अशी एक फिल्म म्हणजे हजारो चित्रं. कॉम्प्युटर ती एकेक करून काढत बसतो, दिवसरात्र. त्याला रेंडर करणं म्हणतात. आठ वर्षं ती पुण्यात हेच करत होती. मागच्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वडील सत्तरीचे. एकट्यानं आईला उचलून बसवणं त्यांना जमेना. पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा प्राजक्ता अकोल्याला परत आली आणि साहेबांना म्हणाली, मी इथूनच काम करते. साहेब म्हणाले, करून दाखव. हा एक मोठा प्रोजेक्ट वेळेवर आला तर पुढं तसंच चालू ठेवू, नाहीतर ऑफिसला यायचं. गुरुवारची सकाळ म्हणजे हे होतं. फिल्म गेली तर मुलगी आईजवळ, नाही गेली तर पुण्याला.

तिचा जुना कॉम्प्युटर पंख्यांवरचा होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी बाराला तो मान टाकायचा. शिवाय आवाज. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं म्हणे. आई खाली हॉलमध्ये, प्राजक्ता वर गच्चीलगतच्या खोलीत. आईला काही हवं असलं की ती डाव्या हातानं चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजवते. पंख्यांच्या गोंगाटात तो आवाज वर पोचत नसे. म्हणून तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दुपारी थांबायला नको आणि आवाज नको.

ऑर्डर द्यायला ती वडिलांसोबत अमरावतीला आली होती. वडील शाळेत गणित शिकवायचे. आता मूर्तिजापूरकडे थोडी जमीन आहे, तिथं लिंबांची बाग पाहतात. मी त्यांच्यापुढं तीन तुकडे ठेवले. पहिला मऊ, पारदर्शक पीव्हीसीचा. हा स्वस्त असतो, पण वर्षभरात त्याच्यातलं तेलकट द्रव्य पाण्यात उतरतं, पाइप गढूळ होतो आणि ठोकळ्याच्या बारीक फटी तुंबतात. दुसरा काळा, रबराचा. तिसरा कडक आणि काचेसारखा स्वच्छ. त्याला पीईटीजी म्हणतात. हा गरम करून हवा तसा वाकवता येतो, काटकोनात बसतो, आणि आतून रंगीत पाणी वाहताना दिसलं की पाहणारा दोन मिनिटं बोलत नाही.

‘यातला बिनधोक कोणता?’ प्राजक्तानं विचारलं.

‘पहिला सोडून दोन्ही,’ मी म्हणाले. ‘पण हा घे. शोभेल.’

‘काळा काहून नोको?’ वडिलांनी विचारलं.

‘काका, तो दिसायला चांगला नाही.’

‘हं,’ ते म्हणाले. विषय संपला.

आता खरं सांगते, इतक्या दिवसांनी लाजायचं कशाला. प्राजक्तानं दिसण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दिसणं मला हवं होतं. दुकानाच्या पेजवर टाकायला एक देखणा फोटो हवा होता. मी संत्र्याच्या रंगाचं पाणी भरलं, अमरावतीची खूण म्हणून. दुकानात चोवीस तास पूर्ण ताकदीवर चालवून पाहिला. एक थेंब गळला नाही. फोटो टाकला. लोकांनी वाहवा केली. मी अकोल्याला जाऊन मशीन लावून दिलं आणि एक छापील कागद हातात दिला. त्यावर सूचना होत्या. त्यातली एक अशी, ‘खोलीचे तापमान मर्यादेत ठेवावे.’

बडनेरा, मूर्तिजापूर करत साडेपाचला अकोल्यात पोचले. जिना चढून दार उघडलं तर आतून भट्टीचा झोत आला. खिडक्या उघडून तीन तास झाले होते तरी ही गत. प्राजक्तानं खोलीचं तापमान पाहायला आईचं तापाचं थर्मामीटर आणलं होतं. टेबलावर ठेवल्या ठेवल्या त्यानं आकडा दाखवणं सोडलं आणि नुसता ‘एच’ दाखवला. म्हणजे मोजता येईल त्याच्या पलीकडं.

मी आधी ग्राफिक्स कार्डं पाहिली, चित्रं काढण्याचं काम हीच करतात. टॉर्च धरून, टिश्यू पेपर टेकवून, एकेक कोपरा. कोरडी होती. नशीब. ग्राफिक्स कार्डातून पाणी बाहेर नेणारा पाइप कनेक्टरच्या तोंडाशी मेणबत्ती उन्हात वाकावी तसा वाकला होता आणि बाजूनं झिरपत होता. बाकीचे तीन पाइपही हाताला मऊ लागले.

‘कूलर चालू होता ना?’ मी विचारलं.

प्राजक्तानं वडिलांकडं पाहिलं. ते दारात उभे होते.

‘मी बंद केला,’ ते म्हणाले. ‘प्राजू एक वाजता खाली आली, आईले भरवाले. मी वर आलो त खोलीत कोनी नाही अन् कूलर भनभन चालू. मी बटन बंद केलं अन् दार लावून घेतलं.’

‘काका, खोलीत कॉम्प्युटर होता ना.’

‘त्याले बी कूलर लागते, हे मले कोनी सांगितलं नाही, ताई.’

त्यांची चूक नव्हती. आमच्याकडं घरोघरी हेच शिकवलेलं असतं. माणूस खोलीतून बाहेर पडला की पंखा बंद, कूलर बंद, आणि ऊन आत येऊ नये म्हणून दार-खिडक्या गच्च बंद. मी स्वतः माझ्या घरी तेच करते. दुपारी सगळं घर एका खोलीत गोळा होतं आणि बाकीच्या खोल्या तापत पडतात. माझ्या छापील कागदावरचं ते वाक्य वाचून ‘कूलर बंद करू नका’ असा अर्थ कोणाला कळणार होता? मलाही कळला नसता.

झालं ते असं. रेडिएटर पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो. खोलीतली हवाच तापलेली असेल तर पाणी तिच्यापेक्षा थंड कसं होणार? बंद खोली, वर तापलेला स्लॅब, आणि आत हीटरसारखी चालणारी दोन कार्डं. मशीनमध्ये पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर होता. त्यात नोंद सापडली, पाणी पासष्टच्या वर गेलं होतं. पीईटीजी पाइप साठच्या आसपास नरम पडायला लागतो. सेन्सरनं इशारा दिलाही होता. तो स्क्रीनवर आला. स्क्रीनसमोर कोणी नव्हतं.

मला वाटलं, कारण सापडलं, म्हणजे काम झालं. मी पिशवीतून पीईटीजीच्या नव्या नळ्या काढल्या. चिकटपट्टी घेऊन कूलरच्या बटनावर आडवी लावली आणि पेनानं लिहिलं, ‘बंद करू नये.’ काका खुर्ची ओढून बसले आणि पाहत राहिले.

‘तुमी हा पाइप वाकवता कशानं?’ त्यांनी विचारलं.

‘हीट गननं. गरम हवा मारली की नरम पडतो, मग वाकवायचा.’

‘मंग गरम झाल्यावर वाकला, त त्याचा काय दोष?’

मी हसून सोडून दिलं. ‘आता कूलर चालू राहील काका. पाणी एवढं तापणार नाही.’

‘कूलरची टाकी दोन घंट्यात खाली होते. प्राजू आईपाशी बसली अन् पानी टाकाचं राहून गेलं त? लाइन गेली अन् आली, पन कूलरची मोटर जाम झाली त? माया हातानं सवयीनं बटन दबलं त? सत्तर वर्षांची सवय हाय, ताई. ते पट्टी नाही वाचत.’

‘काका, मी सव्वीस वर्षं हे काम करते,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

खालून पेल्यावर चमचा वाजला. ते उठून गेले, मागोमाग प्राजक्ताही गेली.

खोलीत मी एकटी राहिले. एका हातात हीट गन, एका हातात नळी. मुद्दाम लावून पाहिली. दहा सेकंदांत नळी लवली. सव्वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं असं नाही. गरम करून वाकतो म्हणूनच तर मला तो पाइप आवडायचा. पण दुकानात एसी असतो, आणि मी चाचणी दुकानात घेतली. अकोल्याच्या स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात काय होईल, हा प्रश्न मी वऱ्हाडात जन्मून, इथंच उन्हाळे काढून स्वतःला विचारला नव्हता. पाइपच्या कंपनीच्या वेबसाइटवर जी हवा होती ती मी इथं धरून चालले होते. अकलेचे तारे तोडणं म्हणतात ते हेच.

खाली गेले. प्राजक्ता आईच्या पलंगावर बसून तिच्या उजव्या हाताची मिटलेली मूठ उघडत होती. एक बोट, मग दुसरं, मग तिसरं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि ओळखीचं हसली, अर्ध्या तोंडानं. व्यायामवाल्या बाई सकाळी येऊन जातात, पण संध्याकाळी आई ही मूठ मुलीशिवाय कोणाला उघडू देत नाही, असं काकांनी सांगितलं. मी तिथं उभी राहून पाहत होते आणि मला फार वाईट वाटलं. माझ्या फोटोच्या हौसेवर हे सगळं टांगलं होतं.

‘काका,’ मी म्हणाले, ‘माझं चुकलं. पाइप बदलावा लागेल. काळा रबराचाच पाहिजे. पण तो माझ्याकडं नाही. मुंबईहून यायला आठवडा लागतो.’

‘काळा म्हंजे, त्या दिवशी टेबलावर होता तो?’

‘तो नुसता नमुना होता. वीतभर.’

काकांनी थोडा विचार केला. ‘ट्रॅक्टरच्या रेडिएटरले कोनता असते?’

‘काय?’

‘ट्रॅक्टरच्या रेडिएटरले काळाच पाइप असते. दिवसभर उन्हात उकळतं पानी वाहून राहिलं असते त्याच्यातून. बोनेटच्या आत. दिसते कसा, कोन पाहून राहिलं?’

मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. गाड्यांचा रेडिएटर पाइप आणि कॉम्प्युटरचा काळा पाइप बहुतेक वेळा एकाच जातीच्या रबराचे असतात. त्या रबराला ईपीडीएम म्हणतात. उकळत्या पाण्यालाही ते बधत नाही. हे मी कुठंतरी वाचलेलं होतं, वाचून विसरले होते. दहा मिलिमीटर तोंडाचा पाइप मिळाला की माझं काम होणार होतं. जोडायला लागतात ती बार्ब, म्हणजे पाइप निसटू नये म्हणून अंगावर कंगोरे असलेली पितळी तोंडं, माझ्या डब्यात दहा पडली होती. मला आठच हवी होती. चार पाइप, प्रत्येकाची दोन टोकं.

दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती. मी त्यांच्याकडंच मुक्काम केला. काकांनी भाकरीबरोबर स्वतःच्या बागेतल्या लिंबाचं लोणचं वाढलं आणि पाइपचा विषयही काढला नाही. आपण चुकलो असताना समोरचा माणूस गप्प राहतो, याचं मोल त्या वेळी मला नीट कळलं.

मंगळवारी सकाळी दहाला आम्ही स्कूटरवर ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांचा जुना विद्यार्थी निघाला. अकोल्यात निम्मी दुकानं काकांच्या विद्यार्थ्यांचीच आहेत असं दिसलं.

‘कोनत्या गाडीचा देऊ, सर?’

‘कॉम्प्युटरचा,’ काका म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दहा मिलिमीटर, दोन मीटर, असं सांगितलं. त्यानं गुंडाळी काढली. मी पाइप दुमडून पाहिला, आतून बोट फिरवलं, वास घेतला, कापलेलं तोंड भिंगाखाली धरलं. जाड होता, दुमडला की लगेच सरळ होत होता. आतून कोरा, धागा सुटलेला नाही. आठ क्लिप घेतल्या. दुकानदारानं विचारलं, ‘बॅटरीचं पानी बी देऊ का?’ तो गमतीनं म्हणाला होता, पण मी पाच लिटरचा कॅन घेतला. बॅटरीच्या पाण्यात क्षार नसतात. पाइप आतून धुवायला तेच हवं होतं.

घरी येऊन पाइप चार वेळा धुतला. कारखान्यात साच्यातून सुटावा म्हणून रबराला काहीतरी चोपडलेलं असतं. ते पाण्यात उतरलं तर ठोकळ्यात साचतं. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ निघालं. मग मशीनमधली संत्र्याची शोभा काढून बादलीत ओतली आणि पाइप बसवायला घेतला. इथं अडलं. रबर जाड, बार्बचे कंगोरे मोठे, जागा अडचणीची. पाइप निम्मा चढायचा आणि थांबायचा. जोर लावावा तर कार्ड हलायचं. माझी बोटं लाल झाली.

काका खाली गेले आणि चहाच्या पातेल्यात कढत पाणी घेऊन आले.

‘आमी ठिबकच्या नळीले असंच करतो,’ ते म्हणाले. ‘टोक बुडवा. वीस मोजा. मंग एका दमात घाला, गोल फिरवत. थांबाचं नाही.’

शेतकऱ्यांची ही रीत मी हजारदा पाहिली असेल. थर्मासमध्ये कढत पाणी घेऊन बांधावर बसलेली माणसं, नळीचं टोक त्यात बुडवतात आणि जॉइनरवर चढवतात. कॉम्प्युटरला ती लावावी असं कधी डोक्यात आलं नाही. मी टोक बुडवलं. काकांनी मोठ्यानं वीस मोजले, वर्गात मोजावे तसे. पाइप तळापर्यंत गेला. पुसला, क्लिप आवळली. आठ टोकं, आठदा वीस. अर्ध्या तासात सगळं जोडून झालं. हीट गन लावून एक बाक काढायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चार पाइप.

दिसायला? खरं सांगायचं तर गाडीच्या बोनेटखाली दिसतं तसं. प्राजक्ता म्हणाली, ‘मस्त आहे ताई.’ तिनं मशीनकडं नीट पाहिलंही नव्हतं. तिची नजर घड्याळावर होती.

मी कॅनमधलं उरलेलं पाणी मशीनमध्ये भरलं. पण घाई करता येत नाही. नवीन जोडणी झाली की बाकी मशीनची वीज तोडून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि वाट पाहायची. गळलं तर कागद सांगतो. मी पाच तास मागितले.

‘तीनात नाही होणार?’ प्राजक्तानं विचारलं.

‘होईल. पण चौथ्या तासाला गळलं तर कार्डं जातील.’

तिनं मान हलवली. उरलेलं रेंडर सदतीस तासांचं होतं. मंगळवारी संध्याकाळी सहाला सुरू केलं तर गुरुवारी सकाळी सातला संपणार. हाताशी दोन तास. ती दुपार आम्ही टिश्यू पेपर उचलून पाहण्यात घालवली. मध्ये मी तिच्या मोबाइलवर पाण्याच्या तापमानाचा इशारा जोडून दिला, आणि पाणी सत्तरवर गेलं तर रेंडर आपोआप थांबेल अशी सोय केली. या दोन्ही गोष्टी मी तीन आठवड्यांपूर्वीच करायला हव्या होत्या. सहाला आठही कागद कोरडे होते. मशीन चालू झालं. आवाज असा काही आलाच नाही. पडद्यावर एक चित्र पुरं झालं, मग दुसरं. मी अमरावतीला परतले.

बुधवारी दुपारी अडीचला काकांचा फोन.

‘ताई, गुन्हा कबूल कराले फोन केला.’

‘काय झालं?’

‘मी पुन्हा कूलर बंद केला.’

‘पट्टी होती ना?’

‘पट्टीवरूनच दाबला. दारही लावून घेतलं. चाळीस मिनिटांनी प्राजूचा मोबाइल वाजला, तवा ती पळत वर गेली. पानी बासष्टवर गेलं होतं म्हनते.’

‘आणि पाइप?’

‘पाइपाले काय होते? मी दाबून पाह्यला. जसाच्या तसा. चित्रं काढनं चालूच हाय.’ मग ते म्हणाले, ‘आता मी वरच बसलो हावो. शिक्षा म्हनून.’

दुकानात एवढ्या चाचण्या मी घेतल्या, त्यातली एकही त्या चाळीस मिनिटांच्या तोडीची नव्हती. पंचेचाळीस-सेहेचाळीसचं ऊन, बंद दार, बंद कूलर आणि पूर्ण ताकदीवर चालणारं मशीन. ही चाचणी मला मागूनही मिळाली नसती.

गुरुवारी सकाळी सव्वासातला रेंडर संपलं, साडेआठला फिल्म पुण्याला पोचली. साहेबांनी तीन दुरुस्त्या सांगितल्या, पडद्यांचा रंग वगैरे. त्या तिनं संध्याकाळपर्यंत करून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा दोन ओळींचा मेल आला, पुढचा प्रोजेक्टही अकोल्यातूनच कर. प्राजक्तानं तो मला फोनवर दोनदा वाचून दाखवला. मी म्हणाले, ‘बरं, पाणी सहा महिन्यांनी बदलायचं असतं, लक्षात ठेव.’ अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

आठवड्यानं मुंबईहून कॉम्प्युटरचा खास काळा पाइप आला. मी अकोल्याला जाऊन तो बसवला, नियम म्हणून. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर नव्यावर कंपनीचं नाव होतं, एवढाच फरक मला दिसला. ट्रॅक्टरचा तुकडा काकांनी बागेतल्या पंपाला लावतो म्हणून ठेवून घेतला. त्या दिवशी मी पाया पडले तर ते मागे सरकले. ‘अवो, मले पाइपातलं काय समजते,’ म्हणाले.

त्यांना जेवढं समजलं, तेवढं मला समजलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी मला ते ऐकवलं नाही. दुकानात ‘काळा काहून नोको’ हे त्यांनीच विचारलं होतं. वर खोलीत ते सहज म्हणू शकले असते, मी सांगितलं होतं ना. पोरीचं सगळं पणाला लागलेलं असताना बाप असं म्हणाला असता तर मी तोंड वर करून उत्तर देऊ शकले नसते. ते पातेलंभर कढत पाणी घेऊन आले आणि वीस मोजले. सव्वीस वर्षांत मला शिकवणारे पुष्कळ भेटले, बरेचसे पाणउतारा करून शिकवणारे. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पेजवरचा संत्र्याच्या पाण्याचा फोटो मी काढून टाकला. लोक अजून विचारतात. देखणा पाइप मी आजही लावते, पण एसीच्या खोलीत आणि गिऱ्हाइकानं मागितला तरच.

आणि ऑर्डरचा फॉर्म बदलला. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, ‘रंग कोणता आवडेल?’ आता असतो, ‘मे महिन्यात दुपारी दोन वाजता या खोलीत कोण असतं?’ लोक हसतात, विचारतात हे कशाला. मी म्हणते, लिहा तर खरं. चांदूर बाजारपासून अकोल्यापर्यंत बहुतेकांचं उत्तर एकच येतं, ‘कोणी नाही.’ मी काळा पाइप कापायला घेते.